अठ्ठ्याण्णव टक्के बरा

गर्द ओढणाऱ्याला सगळी मुंबई गर्दुल्ला म्हणते. डॉक्टर दशरथ उकिडवे आम्हाला 'लाभार्थी' म्हणायचे. मला विचाराल तर गर्दुल्ला बरा. त्यात निदान माणसाने स्वतःच्या हाताने काहीतरी केल्यासारखं वाटतं.

१९८६ च्या दसऱ्यानंतर माझे वडील, दत्ताराम तोरसकर, मला घाटकोपरच्या भटवाडीतून टॅक्सीत घालून दहिसरला घेऊन आले. वडील गिरणीत जॉबर होते, साच्यांवरच्या कामगारांचे मुकादम. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. तेव्हापासून ते एका सोसायटीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला साच्याखात्यातल्या रुबाबात हटकत. केंद्राच्या पायरीवर ते डॉक्टरांना म्हणाले, "हो माझो झील, नंदू. ह्येचो हात चांगलो आसा. छापखान्यात खिळे जुळयता. ह्येका बरो करा, नायतर हयच ठेवन घ्या."

हात चांगला होता हे खरं. मी कंपोझिटर. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका प्रेसमध्ये एकेका अक्षराचे शिशाचे खिळे उचलून ओळी लावायचो. गर्द सुरू झालं ते तिथल्याच एका मशीनमनच्या कृपेने. माझी दाढ दुखत होती. तो म्हणाला, दोन झुरके मार, दाढ आहे हेच विसरशील. खरं बोलला बिचारा. पुढच्या दोन वर्षांत मी दाढ विसरलो, जेवण विसरलो, बहिणीच्या साखरपुड्याची तारीख विसरलो. त्याच सुमारास वडिलांचं गिरणीतून मिळालेलं घड्याळ घरातून हरवलं. शेवटी एका लग्नपत्रिकेला मी तेराव्याच्या पत्राची काळी चौकट लावली आणि तीनशे प्रती छापून वाटूनही झाल्या. मुलीच्या बापाने मालकाची कॉलर धरली, मालकाने माझी.

केंद्र म्हणजे नदीकाठचा कुणा शेटजींचा जुना बंगला. नाव 'पुनरुज्जीवन निवास'. बाहेरच्या फलकावर त्यातला रु दीर्घ काढला होता. आम्ही आत अकरा जण. दहांना ते नाव उच्चारता येत नव्हतं आणि अकराव्याला, म्हणजे मला, ते बघवत नव्हतं.

पहिले आठ दिवस टर्कीचे. टर्की म्हणजे गर्द बंद झाल्यावर अंगात जे सुरू होतं ते. हाडं कुणी पिळून वाळत घालतंय असं वाटतं, नाकडोळे गळत राहतात, पोटाचा भरवसा उरत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर गोराईचा एक कोळी होता, पस्तिशीचा, दोरखंडासारख्या हातांचा. आठ दिवस त्याने माझी बादली धरली, मी त्याची. नवव्या दिवशी आम्ही एकमेकांना नाव विचारलं. त्याचं नाव अनंता.

अनंताने सासऱ्याच्या होडीचं सुकाणू धरलेलं असताना पेंग घेतली होती. होडी खडकावर गेली. माणसं पोहून वाचली, होडीची फळकुटं झाली. त्यानंतर त्याची बायको मंजुळा त्याला ओढतच इथे घेऊन आली आणि दारातून म्हणाली होती, "सुटलास तं ये. नाय सुटलास तं तुजं तू बग." मग ती बोरिवलीच्या बाजारात मासे विकायला निघून गेली. त्या केंद्रातलं सगळ्यात स्पष्ट निदान त्या दिवशी तिनेच केलं होतं.

डॉक्टर उकिडवे भला माणूस. आवाज मऊ, बुशशर्ट पांढरा, आणि आमच्यावर इतका विश्वास की आमच्याशी बोलायची त्यांना कधी गरज पडली नाही. ते आमच्या तक्त्यांशी बोलायचे. तीस दिवसांत माणूस किती सुधारतो यावर ते निबंध लिहीत होते. बाराव्या दिवशी प्रत्येकाची मानसिक चाचणी, तिसाव्या दिवशी पुन्हा तीच चाचणी, आणि दोन्हींमधला फरक म्हणजे सुधारणा. मार्च महिन्यात जिनिव्हाला परिषद होती. तिकीट काढून झालं होतं, निबंधाला नाव देऊन झालं होतं. फक्त आम्ही सुधारायचं तेवढं बाकी होतं.

चाचणी घ्यायला सुलक्षणा मॅडम होत्या. मुलुंडच्या, चोवीस-पंचवीस वर्षांच्या, नुकत्याच मानसशास्त्रात एम. ए. झालेल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या हातातली पेन्सिल आमच्या हातांपेक्षा जास्त थरथरत होती, त्यामुळे आम्हाला त्या लगेच आपल्यातल्या वाटल्या.

चाचणीत एकशेवीस वाक्यं. प्रत्येकापुढे 'होय' किंवा 'नाही'वर खूण करायची. मूळ चाचणी अमेरिकेतल्या माणसांसाठी केलेली. कुणा प्राध्यापकांनी तिचं मराठी केलं होतं, म्हणजे त्यातलं इंग्रजी काढून टाकलं होतं. मराठी घालायचं राहून गेलं होतं.

'माझ्या अंगणातील हिरवळीविषयी शेजारी काय बोलतात याची मला चिंता वाटते.' भटवाडीत आमची खोली दहा बाय बाराची. पण शेजारी बोलत होते हे नक्की, म्हणून मी 'होय' केलं.

अनंताला वाचता येत नव्हतं. त्याला मॅडम वाचून दाखवत. मधलं दार उघडं असायचं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"'हिमवर्षावात एकट्याने चालण्याची मला भीती वाटते.' होय की नाही?"

"हिम म्हंजे?"

"बर्फ."

अनंता म्हणाला, "बाय, बरफात आमी पापलेट ठेवताव. चालत नाय."

"मग 'नाही' लिहू?"

"लिव. पन पापलेटचा पन लिव."

त्यानंतर शाईच्या डागांची चित्रं. कागद मधोमध दुमडून केलेले डाग, त्यात काय दिसतं ते सांगायचं. मला एकच दिसलं, की रोलरवर शाई जास्त झाली आहे. अनंताला पहिल्यात पाखट मासा दिसला, दुसऱ्यात खेकडा, तिसऱ्यात दोन खेकडे. त्याच्या तक्त्यावर डॉक्टरांनी स्वतः शेरा मारला, 'मत्स्यविषयक मनोग्रस्तता, तीव्र'. गोराईतल्या प्रत्येक घरात हा आजार असणार.

सगळे गुणाकार-भागाकार होऊन प्रत्येकाचा टक्क्यांचा एक आकडा निघायचा. त्याला नाव 'भावनिक परिपक्वता'. मला मिळाले एकेचाळीस, अनंताला अडतीस. सगळ्यात वर चंद्रप्रकाश, चव्वेचाळीस. हा मुलुंडचा, बँकेत कारकून, घरी बायको आणि नोकरीवर टांगती तलवार. निकालाच्या दिवशी डॉक्टर आमच्यासमोर उभे राहून मऊ आवाजात म्हणाले, "तिसाव्या दिवशी ज्यांचे सत्तरच्या पुढे येतील त्यांना प्रमाणपत्र. बाकीच्यांनी आणखी एक महिना इथेच राहायचं. ही शिक्षा नाही, हं."

प्रमाणपत्राशिवाय बँक चंद्रप्रकाशला परत घेणार नव्हती. तो रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी मला म्हणाला, "नंदू, आपली वाट लागली यार. च्यायला, बरोबर उत्तर काय हेच माहीत नाही."

बरोबर उत्तरं मला दुसऱ्याच दिवशी मिळाली. मॅडमनी मला तक्ता समजावून सांगायला बोलावलं होतं. टेबलाच्या त्या बाजूला त्या, या बाजूला मी, आणि मधे त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला उत्तरांचा कागद. मॅडमना वाटलं, माझ्या बाजूने तो उलटा आहे. अकरा वर्षं शिशाचे खिळे उलटे आणि आरशातल्यासारखे वाचून पोट भरलेल्या माणसापुढे सरळ छापलेला कागद नुसता फिरवून ठेवणं म्हणजे झाकून ठेवणं नव्हे. मॅडम मला 'आत्मप्रतिमा' म्हणजे काय ते सांगत होत्या. मी मान डोलवत होतो आणि ओळीमागून ओळ उचलत होतो.

कागदावर बारा वाक्यांना लाल गोल होता. समासातली टीप बघून कळलं, ही खोटं पकडायची वाक्यं. 'मी आयुष्यात कधीही खोटे बोललो नाही.' 'मला कधीही कुणाचा हेवा वाटला नाही.' इथे 'होय' म्हणणारा लबाड. म्हणजे प्रामाणिक दिसायचं असेल तर थोडं लबाड असल्याचं कबूल करायचं. व्यवस्था चांगली होती. मला एकदम माझ्याच धंद्यात परत आल्यासारखं वाटलं.

दुपारी कॅरमच्या तासाला मी वर्ग सुरू केला. सोंगट्या एका बाजूला, मी एका बाजूला. नऊ जणांना एकशेवीस उत्तरं पाठ करून घेतली. सगळ्यांनी एकसारखं लिहिलं तर पकडले जाऊ, म्हणून प्रत्येकाला वेगळा स्वभाव नेमून दिला. चंद्रप्रकाशला जबाबदार पण जरा हळवा. दुसऱ्या एकाला आनंदी पण अधूनमधून आईची आठवण. जो कुणाशी बोलत नसे त्याला मी समाजप्रिय केलं. सगळ्यांना थोडं थोडं दुःख वाटून दिलं, कारण अगदी सुखी माणसाला केंद्रात ठेवायचं कारण काय, असा प्रश्न उठला असता. अठरा दिवस हे चाललं. इतका शिस्तीचा अभ्यास त्या बंगल्यात दुसरा कुठलाच झाला नाही.

अनंता मात्र बसायचा नाही. खिडकीत उभा राहून नदीकडे बघायचा.

"अरे ये ना," मी म्हटलं. "तोंडीच पाठ करून घेतो तुझ्याकडून."

"नको."

"का रे?"

"ती बाय इचारते ते खरं इचारते. मंग मी खोटा कला सांगू?"

"खरं इचारते? तुला बर्फात चालायचं विचारते ती!"

"तसा नाय." तो वळला. "फोटो काडतात ना छातीचा, काला काला. तवा हलायचा नसतं. हललं तं कललच नाय, आत काय झालंय. मना कलायला पायजे. मी सुटलू का नाय, मना नाय कलत, नंदू. कागदाला कलल."

आम्ही सगळे खूप हसलो. चंद्रप्रकाशने तर त्याला हात जोडले.

तिसाव्या दिवशी दुसरी चाचणी झाली. मी शांतपणे, मध्येच पेन्सिल थांबवून विचार करत, दोन ठिकाणी खोडून, पेपर लिहिला. खोडाखोडीचा सल्ला मी इतरांनाही दिला होता. अनंताला मॅडमनी पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी मधलं दार त्यांनी लोटून घेतलं, कारण पंधराव्या वाक्याला तो रडायला लागला. वाक्य असं होतं, 'माझ्यामुळे इतरांना त्रास झाला असे मला वाटते.'

निकाल लागला. चंद्रप्रकाश एक्याण्णव. बाकीचे ऐंशीच्या पुढे. मी अठ्ठ्याण्णव. अनंता एकोणतीस.

डॉक्टर उकिडवे त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यात येऊन बसले. त्यांनी कॅरमची एक सोंगटीसुद्धा मारली. मग ते मॅडमना घेऊन शेजारच्या खोलीत गेले. भिंती जुन्या बंगल्याच्या असल्या तरी दारं नव्या प्लायवूडची होती.

"हा अनंता आपली सरासरी बिघडवतोय."

"सर, पण त्याचं उत्तर मला खरं वाटतं. पहिल्या वेळी तो मी म्हणेन त्याला 'लिव' म्हणत होता. त्याला काही जाणवतच नव्हतं. आता—"

"आता नऊ टक्क्यांनी खाली आलाय. सुलक्षणा, आकडे खोटं बोलत नाहीत. त्याला असहकार्याबद्दल कमी करू. नमुन्यातून कमी, म्हणजे केंद्रातूनही. गुरुवारी समारंभ आहे, त्याआधी."

असहकार्य! अकरा जणांत ज्या एकाने त्यांच्या चाचणीला सहकार्य केलं होतं, त्याच्यावर हा ठपका. ऐकून मला हसू यायला हवं होतं. मी खाटेवर जाऊन पडलो. शेजारी अनंता आपली लुंगी आणि सदरा पिशवीत भरत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण दार प्लायवूडचं होतं.

"म्हंजे मी नाय सुटलू," तो म्हणाला. "एकोनतीस म्हंजे लय कमी ना?"

मी उठलो आणि मॅडमच्या खोलीत गेलो.

"मॅडम, उत्तरं मी सांगितली होती सगळ्यांना. तुमचा कागद मी वाचला. उलटा."

मॅडमनी खणातून कुठलासा अहवाल काढला, उलटा करून लांब धरला. "वाचा." मी वाचला. अर्ध्या पानावर त्यांनी मला थांबवलं. "अठरा दिवस?" एवढंच विचारलं.

"रविवारी सुट्टी दिली होती," मी म्हटलं.

त्या मला तसाच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मी सगळं पुन्हा सांगितलं. आता हा माणूस ओरडेल, मला हाकलेल, दहाही तक्ते फाडेल, अशी माझी कल्पना. म्हणजे मी डॉक्टरांना तीस दिवसांत ओळखलंच नव्हतं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे तुम्ही नऊ जणांना अठरा दिवस रोज एकत्र बसवलंत?"

"हो."

"कुणीही सोडून गेलं नाही?"

"नाही. अनंता बसलाच नाही."

"बघा, सुलक्षणा!" डॉक्टर उभेच राहिले. "नियोजन, नेतृत्व, स्मरणशक्ती, गटभावना. महिन्याभरापूर्वी या माणसाला स्वतःची चप्पल सापडत नव्हती. आणि वर अपराधाची कबुली! हे तर मी अठ्ठ्याण्णवात धरलंच नव्हतं."

"सर, त्यांनी चाचणी फोडली आहे. हे दहाही आकडे खोटे आहेत."

"आकडे जागच्या जागी आहेत. आपण फक्त पद्धतीत एक परिच्छेद वाढवू. 'लाभार्थींनी स्वयंप्रेरणेने चालवलेले गटमार्गदर्शन.' जिनिव्हात हे अजून कुणी केलेलं नाही."

"आणि अनंता?"

"तो गटात बसला नाही, असं हेच म्हणाले ना?" डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. माझ्या कबुलीजबाबाचा झालेला हा एकमेव उपयोग.

दुसऱ्या दिवशी मंजुळा आली. टोपली फाटकापाशी उतरवून ती आत आली आणि नवऱ्याकडे न बघता मॅडमना विचारलं, "सुटला का नाय? सरल सांग."

मॅडम नोकरीत नव्या होत्या, आणि बाजूला डॉक्टर उभे होते. तरी त्या म्हणाल्या, "सुटला असं मी सांगणार नाही. पण इथल्या अकरा जणांत तोच एक सुटायला लागलाय. त्याला भीती वाटते, लाज वाटते, रडू येतं. त्याला एकटं सोडू नका. खाडीच्या धक्क्यावर तर अजिबात नको, तिथे गर्द मिळतं. मी दर रविवारी येईन."

"तुजा कागद तं एकोनतीस बोलते."

"कागद माझा नाही," मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "तक्त्यांवर सही मी करणार नाही, सर."

डॉक्टरांनी सही स्वतः केली. त्यांची सही जास्त सुबक होती. मॅडम महिनाअखेरीला गेल्या आणि मुलुंडच्या एका शाळेत मुलांची बुद्धी मोजायला लागल्या.

गुरुवारचा समारंभ थाटात झाला. मंडप, हार, नगरसेवक. आम्हा दहा जणांना सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं. मला भाषण करायला लावलं, मी केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडील शेवटच्या रांगेत, फाटकावरच्या गणवेशातच आले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते फक्त माझ्या हातांकडे बघत होते.

प्रेसच्या मालकाने प्रमाणपत्र बघून मला परत घेतलं. सहा आठवडे मी भावनिकदृष्ट्या परिपक्व राहिलो. जानेवारीत एका दुपारी अंधेरी स्टेशनच्या पुलाखाली चंद्रप्रकाश दिसला. बँकेतून निघालेला, टाय लावलेला. त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि कळलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"पंधरा. एक्याण्णव टक्के राहून बघितलं यार, जमलं नाही."

आम्ही दोघंही हसलो. हसता हसताच त्याने खिशातली गर्द ओढायची पन्नी काढली. त्या क्षणी मला आठवायला हवी होती अशी पुष्कळ वाक्यं मला पाठ होती. एकशेवीस. एकही उपयोगाचं निघालं नाही.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत मी पुन्हा रोज ओढायला लागलो होतो. केंद्रात जायची सोय नव्हती. तिथे भिंतीवर माझा हार घातलेला फोटो होता. हार समारंभातलाच होता, पण फोटोत गेल्यावर त्याचा अर्थ जरा बदलतो. घरी वडील काही विचारत नव्हते, आणि ते मला सहन होत नव्हतं. एका रविवारी सकाळी मी बोरिवलीला उतरलो, खाडीवर गेलो आणि लाँचने गोराईला उतरलो.

अनंताचं घर सापडायला वेळ लागला नाही. तो अंगणात जाळं शिवत बसला होता, भरलेला, काळाभोर. ओट्यावर सुलक्षणा मॅडम चहा पीत होत्या. मंजुळा बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिने मला आपादमस्तक बघितलं.

"ह्यो कोन?"

"नंदू," अनंता म्हणाला. "तो अठ्ठ्यान्नववाला."

"मंग इतं कला आयला?"

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्या मी बोलायची वाट बघत राहिल्या. एवढा वेळ त्या केंद्रात माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

"रोज ओढतोय," मी म्हटलं. "आज सकाळीसुद्धा. मला थांबता येत नाहीये. समारंभाच्या दिवशीसुद्धा मनात तेच होतं. कधीच गेलं नव्हतं."

"किती वाजता ओढलं सकाळी?" मॅडमनी विचारलं.

"सातला."

"मग संध्याकाळपासून त्रास सुरू होईल. डॉक्टरांना दाखवायला लागेल. खऱ्या डॉक्टरांना," त्या म्हणाल्या. "बोरिवलीच्या दवाखान्यात एक आहे, अनंताला तोच बघतो. दुपारच्या लाँचने जाऊ, औषधं घेऊन परत येऊ. इथे राहायचं का ते मात्र मंजुळाबाईंना विचारा."

मंजुळा बोंबील घालायची थांबली नव्हती. "जाल्यांच्या खोलीत झोप," ती म्हणाली. "चोरी केलीस तं हात तोरीन."

ती टर्की पहिल्यापेक्षा वाईट गेली. अनंता पहाटे होडीवर जायचा, दुपारी येऊन माझ्यापाशी बसायचा. मी एकदा त्याला विचारलं, तुला आता वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटते. रोज वाटते. बायकोला सांगतू, ती शिव्या घालते, मंग जरा कमी वाटते." मानसशास्त्रात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. जिनिव्हात कुणी मांडलं असेल असं वाटत नाही.

जिनिव्हाहून डॉक्टर यशस्वी होऊन परत आले, असं वर्तमानपत्रात वाचलं. पवईला दुसरं केंद्र काढणार आहेत म्हणे. चंद्रप्रकाशची नोकरी गेली. तो सध्या कुठे आहे ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. दहांपैकी तिघं अजून सुटलेले आहेत असं कळतं. ते कशाने सुटले ते कुणी त्यांना विचारलेलं नाही.

मी गोराईत तीन महिने राहिलो. होडीवर मला उलट्या व्हायच्या, म्हणून मंजुळाने मला बायकांच्यात बसवलं, बोंबील निवडायला. बायका माझ्यावर यथेच्छ हसायच्या. मॅडम रविवारी यायच्या, वहीत काही लिहायच्या नाहीत, नुसतं विचारायच्या, आठवडा कसा गेला. वाईट गेला असेल तर मी वाईट म्हणायचो. एप्रिलात एकदा मी पळून धक्क्यावर गेलो होतो, तेही सांगितलं. त्या दिवशी अनंताने मला खांद्यावर टाकून परत आणलं होतं, आणि मंजुळाने वचन दिल्याप्रमाणे हात तोडला नाही, पण कान सुजेपर्यंत पिळला होता.

मेच्या शेवटच्या रविवारी वडील आले. मॅडमनी पत्ता कळवला असणार. लाँचमधून उतरले, पँट घोट्यापर्यंत वर केलेली, चपला हातात. मंजुळाने त्यांना ओट्यावर बसवलं, तळलेले ताजे बोंबील आणि तांदळाची भाकरी वाढली. ते जेवायला लागले. मी समोर माझं ताट घेऊन बसलो होतो. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"बाबा, तुमचं घड्याळ मी विकलं. गिरणीतून मिळालेलं. हरवलं नव्हतं ते."

मंजुळा आत गेली. अनंताने जाळ्याकडे मान वळवली.

वडिलांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "माका ठावक होता," ते म्हणाले. "विकलंस त्याच दिवशी ठावक होता. तू सांगतंस की नाय, ताच बघी होतंय."

"इतके दिवस?"

"दीड वरीस." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आता जेव. बोंबील गार जातत."

मी जेवलो. ऊन उतरल्यावर त्यांना लाँचवर सोडायला गेलो. मंजुळाने सुक्या बोंबलांचं पुडकं बांधून दिलं होतं, ते त्यांनी बगलेत धरलं होतं. लाँचमध्ये चढताना त्यांनी माझ्या दंडाला धरून तोल सांभाळला, मग आत जाऊन बाकड्यावर बसले आणि शेजारच्या माणसाला, पाय आत घे, म्हणून दरडावलं. लाँच सुटली. खाडीच्या मध्यावर जाईपर्यंत ते दिसत होते.